विलासभाऊजींच्या जीपची कातरणी

भाऊजी, निकाल लागला. पण तो मी शेवटी सांगणार आहे. तुम्हाला कुठल्याच गोष्टीचा शेवट येईपर्यंत धीर नसायचा. मी वाचलेलं काही सांगायला लागले की तुम्ही मध्येच थांबवायचात, "वहिनी, आधी सांगा, माणूस जगला का मेला?" या वेळी तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. तुमच्या जाण्यात मला एवढाच एक फायदा दिसतो, आणि तो मी पुरेपूर घेणार आहे.

आपला वाद तुमच्या लक्षात असणारच. तुमची जीप लिटरला किती चालते आणि चालायला हवी तितकी का चालत नाही, यावरून आपण किती जेवणं लांबवली असतील! मी म्हणायचे, दोष त्या रुंद टायरांचा. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, अ‍ॅव्हरेज टायरात नसतंय, पायात असतंय." आणि पाटावर बसल्या बसल्या उजवा पाय पुढे करून दाखवायचात. सुमन वाढता वाढता म्हणायची, "तो पाय ताटापासनं लांब घ्या आधी."

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. सांगवीच्या घरासमोर जीप तशीच उभी होती, लिंबाखाली. दहाव्याला आलेल्या माणसांतल्या एकानं जाता जाता आबांना विचारलंच, "मग जीपचं काय ठरलं? गिऱ्हाईक हाय माझ्याकडं." तुमचे वडील तंबाखू मळत राहिले. आमचे हे, तुमचे भाऊ असून, जमिनीकडे बघत बसले. मी सुमनकडे पाहिलं. ती दाराच्या आत उभी होती आणि तिची नजर जीपवर होती. नवरा गेलेल्या बाईनं त्या दिवशी कुठे बघावं याचे लोकांनी काही नियम केले आहेत, त्यात जीप बसत नाही. पण ती तिकडेच बघत होती. जीप राहणार की जाणार, हा प्रश्न पुन्हा आपल्या दारात आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही होतात.

तेव्हाची जीप आठवते? सरकारी लिलावात घेतलेली, डिझेलची, चारही चाकं ओढणारी. घेतलीत तेव्हा ती साधी होती, कचेरीतल्या शिपायासारखी. वर्षभरात तुम्ही तिची नवरदेवाची घोडी केलीत. पुढे लोखंडी गार्ड, इतकं जाड की त्याला बैल बांधला असता तरी हलला नसता. टपावर कॅरिअर. चार जादा दिवे. नीरा नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असा हॉर्न. बारामतीच्या मिस्त्रीकडून एंजिनातल्या डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून घेतलात, गाडी जास्त ओढेल म्हणून. ती ओढायची खरी, पण मागे काळा धूर सोडत. मग ते रुंद टायर, ज्यांच्यामुळे जीप वीतभर उंच झाली आणि सुमनला पदर खोचून चढावं लागायला लागलं. आणि सगळ्यावर कळस म्हणजे त्या शेंब्या.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या घालतात. आपल्याकडे तेव्हा बैल उरले नव्हते. तुम्ही इंदापूरच्या तांबटाकडून मोठ्या दोन शेंब्या घडवून घेतल्यात आणि जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध पक्क्या बसवल्यात. चाकं फिरली की ऊन त्यांच्यावर गरगर फिरायचं. सगळी आळी बघायला आली होती. हे म्हणाले, "पंपवाल्यानं तुझा फोटो लावलाय म्हणं भिंतीवर. रोज हार घालतोय." कारण तोवर जीप लिटरला कशीबशी आठ किलोमीटर चालत होती.

हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच वेळी एमआयडीसीतल्या एका डेअरीला नरसिंहपूरकडच्या नदीकाठच्या वस्त्यांवर गाडी हवी होती. पावसाळ्यात त्या काळ्या रानात टेम्पो रुतायचा. वस्त्यांवरच्या बायका धार काढून कॅन घेऊन वाटेवर उभ्या राहायच्या आणि ऊन वर आलं की दूध परत घेऊन जायच्या. चार चाकं ओढणारी गाडी असेल तरच ती वाट जमणार होती, आणि अशी गाडी तुमच्याकडे होती. तुम्ही डेअरीत गेलात. तिथले वाहतूक बघणारे जगताप साहेब म्हणाले, गाडी लिटरला अकरा पडली पाहिजे, टाकी टू टाकी, म्हणजे भरून निघायचं आणि परत येऊन भरून मोजायचं, मी स्वतः बसून बघणार. त्याखाली पडली तर विचारायचंसुद्धा नाही.

संध्याकाळी तुम्ही हे ओसरीवर सांगितलंत. आबा तंबाखू मळत होते.

"आता किती पडतीया?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"म्हंजे तीन कमी."

"व्हय."

"मग असं कर," आबा म्हणाले, "अकरा पडली तर ठेव. न्हाय पडली तर जीप जाईल आन् ट्रॅक्टर यील. मला दारात शोभंची जनावरं नगंत."

तुम्ही जेवला नाहीत त्या रात्री. ते ट्रॅक्टरचं दुःख नव्हतं. तुम्हाला उसाच्या शेतात कधी करमलं नाही, आणि वहिनींसारखं मास्तरकीचं डोकं आपलं नाही असं तुम्हीच म्हणायचात. तुम्हाला रस्ता लागत होता. तुमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत जायचे, ती चाल तुमच्या पायात उतरली होती आणि तिला चालायला जागा नव्हती. ही वाट मिळाली नसती तर तुम्ही आमच्यात राहिला असतात, पण कुढत. मला ते त्या दिवशी दिसलं. तुम्हाला सांगितलं नाही. आपलं नातं चेष्टेचं, त्यात असलं काही बोलायची सोय नसते.

आबांनीच सकाळी तोड काढली. ते जीपभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "इलास, हिची लोकर लय वाढलीया. कातर तिला."

तुमच्या घरातली मेंढरं जाऊन एक पिढी झाली होती, पण कातरणीचा दिवस कसा पाळायचा हे आबांना पाठ होतं. सकाळची वेळ, जनावर आधी धुऊन काढायचं, कातरणाऱ्यांना गोडाचं जेवण, आणि कातरताना जनावराला लागलं तर कातरणाऱ्यानं त्याची माफी मागायची. आबांनी त्यातलं काही सोडलं नाही. जीप कालव्यावर नेऊन धुतली. सुमननं लापशी केली. मग तुम्ही पाना घेऊन बसलात आणि एकेक उतरवायला लागलात.

कॅरिअर उतरलं ते तुम्ही लिंबाला टेकवून ठेवलंत. हॉर्न उतरला तेव्हा म्हणालात, "आबा, ह्यो न्हाय काय पीत डिझेल."

"मला पितोय," आबा म्हणाले. "कानातनं."

गार्ड काढायला तिघं लागले. पंपाचा स्क्रू मिस्त्रीनं येऊन पुन्हा होता तिथे आणला आणि काळा धूर थांबला. एअर फिल्टर धुतला, त्यातून नदीकाठची माती निघाली. आबांचा हात तर थांबेना. ते म्हणाले, मागची बाकडी काढ, मग म्हणाले दारं काढ, शेवटी म्हणाले, "पुढली दोन चाकं तरी कशाला? आपल्या बैलगाडीला दोनच हुती." तुम्ही पाना खाली ठेवून जीपला पाठ लावून उभे राहिलात, कुणी ओरबाडून नेईल तसे.

टायरांवर आपलं भांडण तिथेच पेटलं. जुने अरुंद टायर गोठ्यात होते. मी म्हटलं, तेच घाला. तुम्ही म्हणालात, अरुंद टायर चिखल कापत खाली जातो, रुंद वर राहतो. वस्तीवर पोचलोच न्हाय तर अकरा पडून काय करायचं? मला ते पटलं नाही असं नाही. पण मी मान्य केलं नाही. टायर राहिले. त्यात हवा तेवढी नीट भरून घेतली, कारण ते कायम मऊ ठेवायची तुमची सवय होती.

राहता राहिल्या शेंब्या. तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा पितळीनं काय फरक पडतोय?" आबा म्हणाले, "मेंढराच्या कानात बी लोकर ऱ्हाऊ देत न्हाईत." तुम्ही नाइलाजानं शेंब्या उपटल्यात. आणि खाली, दोन्ही चाकांच्या मधोमध, एकेक गोल कळ निघाली. तिच्यावर बाण होता.

तुम्ही त्या बाणावर बोट फिरवलंत. मग हळूच म्हणालात, "च्या मारी!"

ती कळ पुढची चाकं एंजिनाच्या दांड्याला जोडायची आणि मोकळी करायची. चिखलात गेलं की खाली उतरून जोडायची, रस्त्याला लागलं की उतरून मोकळी करायची. तुम्हाला ते माहीत होतं, पण उतरून चिखलात हात घालणं नको म्हणून तुम्ही ती एकदा जोडून ठेवलीत आणि वर शेंबी ठोकून विसरून गेलात. बारामतीच्या डांबरी रस्त्यावरसुद्धा जीप पुढचा आख्खा दांडा फुकट फिरवत होती. मिरवत होती म्हणा.

आबा म्हणाले, "थांब, फिरवू नगंस. आधी ढकलून बघू." सगळ्यांनी मिळून ढकलली. गेली, पण कुरकुरत. मग तुम्ही दोन्ही कळा फिरवल्यात. पुन्हा हात लावला तर जीप अशी सुटली की आबा पुढे तोंडावरच जायचे. ते सावरून उभे राहिले, हात झटकले आणि म्हणाले, "आता जनावर मोकळं झालं."

आपण सगळेच हसलो होतो, भाऊजी. सुमन तर लापशीचं पातेलं हातात घेऊन हसत होती. एका शोभेच्या पितळेखाली तुमची वाट दडली होती, आणि ती आबांच्या कातरणीनं उघडी पडली.

चाचणीचा दिवस. बारामतीच्या पंपावर जगताप साहेबांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. आत हवा राहू नये म्हणून पंपावरची पोरं जीप दोन्ही बाजूंनी हलवत होती, आणि साहेब बोट घालून बघत होते. जाताना कॅन रिकामे, म्हणून त्यांनी काही वजन घ्यायला सांगितलं. तुम्ही मला आणि सुमनला बसवलंत. "बाहेरचं वजन भरवशाचं नसतंय, साहेब." मी हातात पुस्तक घेतलेलं पाहून म्हणालात, "वहिनी, ते तेवढं घरी ठेवलं असतं तर? त्याचं बी डिझेल लागतंय."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि वाचायला दुसरं काही नाही म्हणून रस्त्याकडेचे दगड वाचत बसले. मला समोर येईल ते वाचायची खोड. इंदापूर किती उरलं ते दगड सांगायचा, आणि मग माझी नजर समोरच्या मीटरवर जायची. थोड्या वेळानं लक्षात आलं की दगड आधी येतो आणि मीटरचा आकडा मागून. जसं जावं तसं दोघांतलं अंतर वाढत होतं. मी दोन्ही आकडे लक्षात ठेवले. मनात जुळवत राहिले.

नरसिंहपूरच्या पुढे, संगमाकडच्या वस्तीच्या वाटेवर, डेअरीचा टेम्पो आदल्या दिवसापासून रुतून बसला होता. तुमच्या अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे होते आणि पायात नवी कोल्हापुरी. तुम्ही क्षणभर स्टिअरिंग धरून बसलात. सुमन मागून म्हणाली, "उतरा की. साहेबांनी फिरवायची का कळ?" तुम्ही उतरलात. पोटरीपर्यंत चिखलात. चप्पल आतच राहिली. दोन्ही कळा फिरवून वर आलात तेव्हा वस्तीवरची एक म्हातारी कॅनवर हात ठेवून ओरडली, "नवरदेव, हळदीला आला का काय रं?" आणि त्या रांगेतल्या बायका हसल्या ते जीप त्यांच्यापाशी पोचेपर्यंत. जीप पोचली, भाऊजी. रुतलेल्या टेम्पोच्या शेजारून, त्याला ओलांडून. त्या दिवशी त्या बायकांपैकी कुणीही दूध परत नेलं नाही.

परतताना रस्ता लागला तसे तुम्ही न सांगता उतरलात आणि कळा मोकळ्या केल्यात. पुढे सगळा रस्ता पाय असा ठेवलात, जणू पेडलखाली अंडं आहे.

बारामतीत पुन्हा टाकी भरली. या वेळी जास्त डिझेल मावू नये म्हणून तुम्ही जीप हलवू देत नव्हतात, तेव्हा जगताप साहेबांनी स्वतः खांदा लावून हलवली. मीटर आणि लिटर मांडून त्यांनी भागाकार केला. दहाच्या थोडं वर. साहेबांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "विलासराव, वाट तुम्हाला जमते. पण नियम नियम आहे."

तुम्ही मान खाली घातलीत. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "साहेब, मीटर कमी दाखवतोय."

"बाई, मीटर कंपनीनं बसवलाय."

"हो. पण टायर भाऊजींनी बसवलेत. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो. मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही. रस्ता दगडांवर लिहिलाय."

मी अनोळखी माणसासमोर एवढं सलग कधी बोलले नव्हते. शाळेत शिकवताना बोलते, पण ती मुलं. साहेबांनी वाकून टायर बघितला. मग म्हणाले, चला, बघू. इंदापूरच्या रस्त्याला पुन्हा जीप काढली, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मीटर पाहिला, पुढच्याला, त्याच्या पुढच्याला. प्रत्येक वेळी दगड आधी. साहेबांनी तिथेच बॉनेटवर नव्यानं हिशोब केला. अकराच्या वर पडली.

ज्या टायरांशी माझं भांडण, त्यांचीच वकिली मी केली, यावर तुम्ही पुढे कितीदा हसलात! "वहिनीनं टायर सोडवून आणलं." पण त्या क्षणी तुम्ही हसला नव्हतात. तुम्ही जीपच्या चाकाला हात लावून तो हात कपाळाला लावलात, मग माझ्याकडे वळून नुसतं "वहिनी" म्हणालात. मला ते एक "वहिनी" पुरलं आहे.

त्यानंतरचे सगळे पावसाळे तुमचे होते. वस्तीचं दूध नासलं असं पुन्हा ऐकलं नाही. येताना तुम्ही बारामतीच्या वाचनालयातून माझं पुस्तक बदलून आणायचात, निवड एकाच कसोटीवर. "जाड बघून आणलंय. मागलं दोन दिवसांत संपलं, तुमचं अ‍ॅव्हरेज लय खराब हाय वहिनी." त्या कसोटीवर तुम्ही मला जे काही वाचायला लावलंत, ते मी स्वतः होऊन कधी उचललं नसतं. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आता मानते.

आणि सुमनला जीप शिकवलीत, नदीच्या कोरड्या पात्रात. मागे दुधाचा कॅन, झाकण काढून. दूध सांडलं तर पाय जड. पहिल्या दिवशी तुम्ही करून दाखवलंत आणि बाकडं पांढरं केलंत. मग ती बसली. थेंब सांडला नाही. तुम्ही म्हणालात, "कॅन अर्धाच हाय तिचा." मी बघितलं होतं, कॅन तोच होता.

आता निकाल.

दहाव्याच्या संध्याकाळी सुमन आबांसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आबा, अस्थी संगमावर न्यायच्यात ना? मी नेते. जीपनं." कुणीतरी आतून काही बोलायला लागलं. आबांनी हात वर केला. मग तिला विचारलं, "आन् त्याच्यानंतर?"

"वस्तीवर बायका थांबल्यात. धा दिवस झालं."

"डेअरीला चालंल का?"

"अकरा पडली तर का न्हाय चालायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या पंपावर टाकी भरली. पोरांनी जीप हलवली, गळ्यापर्यंत. आबा पुढे बसले, मडकं मांडीवर, पांढऱ्या फडक्यात. हे आणि मी मागे. मी पुस्तक नेलं नव्हतं. दगड वाचले, सगळे.

नरसिंहपूरच्या पुढे वाट तशीच होती. मागून आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या डांबरावरच थांबल्या. सुमननं पदर खोचला, चप्पल गाडीत काढून ठेवली आणि चिखलात उतरली. एक कळ फिरवली, वळसा घालून दुसरी. वाटेच्या कडेला वस्तीवरच्या बायका उभ्या होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. ती म्हातारी पुढे आली आणि तिनं जीपच्या चाकावर दुधाची ओंजळभर धार सोडली. मग जीप पाण्याच्या कडेपर्यंत गेली. जिथवर तुम्ही न्यायचात, तिथवर. आबांना उतरून चालावं लागलं नाही.

रडणं तिथे झालं. ते लिहीत नाही, तुम्हाला आवडलं नसतं.

परत बारामतीला आलो, टाकी भरली. आबांनी स्वतः खांदा लावून जीप हलवली, त्या वयात. मी दगडांचा हिशोब मांडला. मग पुन्हा मांडला, कारण विश्वास बसेना. तीच जीप, तेच टायर, तीच वाट, तोच चिखल.

बारा. बाराच्याही थोडं वर. तुम्हाला इतक्या वर्षांत एकदाही पडली नव्हती.

आबांनी आकडा ऐकला. रिकाम्या मांडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इलासला कळवा कुणीतरी. बायकोनं हरवलं म्हणावं." आणि गिऱ्हाईक आणणाऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते काम आबांनी कुणाला नेमून दिलं नाही, म्हणून मी कळवते आहे. भाऊजी, टायर निर्दोष आहेत. अ‍ॅव्हरेज पायातच असतं, तुमचं म्हणणं खरं होतं. फक्त तो पाय तुमचा नव्हता.

शेंब्या सुमननं घासून देवळीत ठेवल्या आहेत, दसऱ्याला एक दिवस घालायच्या म्हणून. पहाटे ती निघते तेव्हा मी उठलेली असते. लिंबाखालून जीप रस्त्याला लागते, धूर नाही, हॉर्न नाही. माझं संपलेलं पुस्तक पुढच्या सीटवर असतं. येताना ती बदलून आणते.

जाड बघून.